शेवट बघवत नाही

मित्रांनो, मी फळा आहे, आणि जुना आहे हे तुम्हाला माझ्या डाव्या कोपऱ्यावरूनच कळेल. तिथला काळा रंग उडून आतली फळी उघडी पडली आहे. त्या उघड्या भागाचा आकार थेट महाराष्ट्राच्या नकाशासारखा आहे, असं माझं मत. लोक म्हणतात, पोपडा उडालाय. लोकांना कौतुक करणं जड जातं. माझी सगळी गोष्ट त्याच दुखण्याची आहे.

सध्याचा मुक्काम डोंबिवली पूर्व, मानपाडा रोडच्या आतली गल्ली, मंदार सोसायटी, तळमजला. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. माझ्या उजवीकडे विजेचे मीटर आणि डावीकडे जिना. मीटर सारखे गुरगुरतात. मी शांत असतो. माझ्याकडे सांगण्यासारखं असतं.

माझा जन्म कोपरचा. स्टेशनजवळ एका सुताराची शेड होती, तिथे मी फळी होतो तो चौकटीत बसलो आणि काळ्या रंगाचे तीन हात खाऊन फळा झालो. हा रंग मानपाड्याकडच्या एका कारखान्यातून आला होता. त्या कारखान्यात रंग तपासायला आनंद गुप्ते नावाचे गृहस्थ होते. माझ्या अंगावरचा काळा त्यांनीच पास केला होता, असा माझा दावा आहे. पुरावा मागू नका. आत्मवृत्तात पुरावे देत नाहीत.

माझी उमेदीची बावीस वर्षं देवराम सरांच्या गणिताच्या क्लासमध्ये गेली. सर रोज संध्याकाळी माझ्यावर लिहायचे, ‘समजा, क्ष बरोबर...’ मुलांना काही समजायचं नाही, पण सरांनी समजा म्हणणं सोडलं नाही. दसऱ्याला ते मला हळदकुंकू लावत आणि म्हणत, ‘याच्यामुळे चूल पेटते.’ ते ऐकलं की माझी चौकट ताठ होई. मग एके दिवशी क्लासमध्ये पांढरा फळा आला. गुळगुळीत, चकचकीत, मार्करवाला. त्याला खडूची धूळ लागत नव्हती म्हणून त्याचं कौतुक झालं. मला कपाटामागे सरकवलं. तिथे मी दोन वर्षं काढली, सोबतीला एक मोडका कंपास आणि कोळ्याचं एक सुखी कुटुंब.

मला तिथून बाहेर काढलं मितेश भोईरने. हा मितेश सरांचा जुना विद्यार्थी. गणितात बरोबर पस्तीस मार्क मिळवणारा, एक कमी नाही, एक जास्त नाही. आता तो मंदार सोसायटीचा सेक्रेटरी झाला होता. सरांना भेटायला आला, मला पाहिलं आणि म्हणाला, “सर, हा मी घेऊन जाऊ? नोटीस लिहायला होईल.” ज्या फळ्यासमोर पोराला घाम फुटायचा, त्याच्यावर तो आता ऐटीत लिहितो, ‘उद्या पाणी येणार नाही.’ मी मनात काही ठेवलं नाही. फळ्याच्या मनात काही राहत नाही, पुसलं जातं.

पाण्याची बातमी एका ओळीत मावते. खाली चार ओळींची जागा रिकामी राहायची. पण डोंबिवलीत रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. त्या चार ओळींवर दुसऱ्या मजल्यावरच्या गुप्तेकाकांनी कब्जा केला. हो, तेच. रंगवाले. निवृत्त होऊन ते याच इमारतीत एकटे राहत होते, आणि आमची भेट पुन्हा झाली.

काकांबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही. चौतीस वर्षं त्यांच्या टेबलावर दोन शिक्के होते. एक ‘नापास’ आणि दुसरा ‘हरकत नाही’. तिसरा शिक्का कारखान्याने बनवलाच नव्हता. त्यामुळे जगातल्या सर्व चांगल्या गोष्टींना काकांच्या तोंडून एकच उद्गार निघायचा. लेक देवयानी विद्यापीठात पहिली आली, काका म्हणाले, “हरकत नाही.” तिच्या लग्नातली जिलबी खाऊन व्याह्यांना म्हणाले, “हरकत नाही.” व्याही आठ दिवस विचार करत होते की आपण परवानगी कधी मागितली.

देवयानी बाळकुमला राहते. दर गुरुवारी काका तिच्याकडे जात आणि जाता जाता ठाण्यात सकाळचा सिनेमा बघत. परत आले की खडू घेत आणि माझ्यावर आपलं मत लिहून खाली सही करत, ‘गुप्ते’. त्यांना कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. पण तपासण्याची सवय लागलेल्या माणसाला घरी बसवता येतं, थांबवता येत नाही.

ती मतं गाजली. प्रेमकथेवर लिहिलं, ‘दोघे शेवटी भेटतात. मधले दोन तास भेटले असते तरी आमचा विरोध नव्हता.’ एका गंभीर, बक्षिसं मिळालेल्या सिनेमावर लिहिलं, ‘नायिका दीड तास खिडकीत बसते. मीही घरी तसाच बसतो. माझ्या खिडकीतून गटार दिसते, तरी त्यात हालचाल अधिक आहे.’ आणि एकदा तर रहस्यपट पाहून आले, तेव्हा वर मितेशची नोटीस होती. जागा कमी होती म्हणून त्याच ओळीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी इमारतीने वाचलं, ‘उद्या पाणी येणार नाही. खुनी डॉक्टर आहे.’ पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टर दीप्ती दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मितेशने त्या सिनेमाचं तिकीट काढून ठेवलेलं होतं, तो महिनाभर बोलला नाही.

मी स्वतः आजवर एकही सिनेमा पाहिलेला नाही. तरी सर्व सिनेमांबद्दल माझी मतं ठाम आहेत. यात मला काही वावगं वाटत नाही, असे पुष्कळ असतात.

आता हौसाबाईंबद्दल.

हौसाबाई तिसऱ्या मजल्यावरच्या उत्तम शेलारची आई. मूळच्या साताऱ्याकडच्या, कोरेगावजवळच्या. वय चौऱ्याहत्तर, पण जिना चढताना त्या थांबत नाहीत, बाकीचे त्यांच्यासाठी थांबल्याचं दाखवून दम घेतात. सकाळी साडेसातला त्या दुधाची पिशवी घ्यायला खाली येत आणि माझ्यासमोर उभ्या राहत. वाचायला. नात संचिता पहिलीत असताना तिच्याबरोबर आजीही मुळाक्षरं शिकली, काना-मात्रा शिकली. मग संचिता दुसरीत गेली आणि आजी तिथेच राहिली. त्यामुळे हौसाबाईंचं वाचन जोडाक्षरापर्यंत सरळ यायचं आणि तिथे चप्पल तुटल्यासारखं थांबायचं. ‘उद्या’ मात्र त्यांना चित्रासारखा पाठ होता. पाण्याचा प्रश्न होता.

एका शुक्रवारी काकांनी लिहिलं होतं, ‘अत्यंत रटाळ.’ हौसाबाई बोट लावून वाचू लागल्या.

“अ... आन् ह्यो कोण, दुसऱ्याच्या पाठुंगळी बसलाय?” त्या मला म्हणाल्या. “उतर की खाली. मानसाला वाचू दे.”

मागे जिन्यात गुप्तेकाका पिशवी घेऊन उभे होते. हौसाबाई गेल्यावर पुढे आले, ‘अत्यंत’ पुसलं आणि लिहिलं, ‘फार.’ मग सहीकडे बघितलं. ‘गुप्ते’मध्येही एक जण दुसऱ्याच्या पाठुंगळी बसला होता. तो पुसून त्यांनी लिहिलं, ‘आनंद.’

मित्रांनो, त्या दिवसापासून काकांच्या मतांत एकही जोडाक्षर आलं नाही. इमारतीत कुणाच्या लक्षात आलं नाही. हौसाबाईंच्याही नाही, त्यांना वाटलं आपलं वाचन सुधारलं. मला मात्र कळलं, कारण लिहिता लिहिता काकांचा हात माझ्यावर थांबायचा, शब्द शोधायचा, अडकायचा आणि दुसऱ्या वाटेने जायचा. माणूस अंगणात पाणी साचलं की कडेकडेने जातो, तसा.

आणि हौसाबाई रोज खडखडीत आवाजात वाचू लागल्या. इतिहासावरच्या भव्य सिनेमाचं मत होतं, ‘घोडे खरे. दाढी खोटी.’ त्या म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. मी दाढी बघून भुलले असते.” मारामारीच्या सिनेमावर होतं, ‘नायक टेंपो उचलतो. मानपाडा चौकात पाठवावा.’ त्यावर त्या इतक्या हसल्या की दुधाची पिशवी हातातून पडली. ‘सासू लंडनला जाते. आपण का जावे?’ यावर मात्र त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “जाऊ द्या की तिला. कवातरी जाऊ द्या.” आणि देवयानीच्या मुलीने काकांना एक कार्टून दाखवलं, तेव्हा इतिहास घडला. काकांनी लिहिलं, ‘कासवाचे काम : हरकत नाही.’ इमारत माझ्यासमोर गोळा झाली. काकांनी माझ्यावर पहिल्यांदाच कुणाला पास केलं होतं.

अशाच एका सकाळी अक्षदा आली. सिनेमाच्या दिग्दर्शकाला मदत करणारी तरतरीत मुलगी. चित्रीकरणासाठी जिने बघत फिरत होती. तिला आमचा जिना आवडला नाही, पण माझ्याशी वाद घालणाऱ्या हौसाबाई दिसल्या.

“आजी, कुणाशी बोलताय?”

“फळ्याशी. रोज बोलतो त्यो.”

“आमच्या सिनेमात एका जिन्यात बसाल का?”

“बसायचे बी शिनेमे निघाले व्हय? बसते की. एरवी तरी दुसरं काय करते.”

म्हणजे हौसाबाईंना सिनेमा माझ्यामुळे मिळाला. मी कुठे बोलत नाही, पण तुम्ही लक्षात ठेवा.

सिनेमा छोटा होता, मराठी. एक म्हातारी गावाहून लेकाकडे येते, आणि घराला कुलूप. ती जिन्यात बसून राहते. जिन्यातला दिवा असा असतो की कुणी हललं तरच पेटतो, मिनिटभर जळतो आणि विझतो. म्हातारी अंधारात हात हलवते, दिवा लागतो. विझतो. पुन्हा हात हलवते. हाच शेवटचा प्रसंग, आणि तो सगळा हौसाबाईंचा होता. कल्याणला खाडीजवळच्या एका इमारतीत त्यांनी तीन दिवस हात हलवला.

वर्षभराने सिनेमा लागला. कल्याणला रोज एक खेळ, ठाण्याला रोज एक खेळ. शनिवारी काका सोडून आमची अख्खी इमारत रिक्षा करून कल्याणला गेली आणि सुजलेले डोळे घेऊन परत आली. हौसाबाई तेवढ्या कोरड्या होत्या. जिना चढताना म्हणाल्या, “म्या येवढी म्हातारी कवा झाले, ते कुणी सांगितलंच न्हाई.” लोकांनी पेढे वाटले, फोटो काढले, डॉक्टर दीप्तींनी मिठी मारली. पण हौसाबाई रोज खाली येऊन माझ्या त्या चार ओळी बघायच्या आणि मला विचारायच्या, “भाऊ गेले न्हाईत का अजून बघायला?” ज्यांनी कासवाला पास केलं, त्यांचं मत त्यांना हवं होतं. बाकीच्या पेढ्यांची चव त्यावर अडली होती.

गुप्तेकाका गुरुवारी एकटे गेले. संध्याकाळी आले आणि खडू घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी सांगतो, देवराम सरांनासुद्धा कुठलं गणित इतकं अडलं नव्हतं. काकांनी ‘हृद’ लिहिलं आणि पुसलं. ‘अप्र’ लिहिलं आणि पुसलं. हे सगळे मोठे शब्द एकमेकांच्या पाठुंगळी बसलेले, आजींना वाचता येणार नव्हते. तुम्ही म्हणाल, ‘छान’ लिहायचं, ‘सुंदर’ लिहायचं, त्यांत कुठे जोडाक्षर आहे? बरोबर आहे. पण ते शब्द काकांच्या हाताला ओळखत नव्हते. ‘हरकत नाही’ लिहावं तर ते कासवाला देऊन झालेलं. शेवटी त्यांनी जे खरंच घडलं होतं ते साध्या अक्षरांत लिहिलं, आणि नाक पुसत वर गेले.

‘शेवट बघवत नाही. आनंद.’

शुक्रवारी साडेसातला हौसाबाई आल्या. नेहमीसारखी त्यांनी संपूर्ण ओळ कुठेही न अडखळता वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. दूध न घेताच वर गेल्या.

दहा मिनिटांत उत्तम खाली आला. काका भाजी घेऊन आत शिरतच होते.

“काका, आमच्या आईचा शेवट तुम्हाला बघवत नाही? आणि वर आनंद होतो?”

मितेश मध्ये पडला. “उत्तमभाऊ, थांबा. आनंद म्हणजे काकांचं नाव आहे.”

“नाव असेल रे. पण नेमकं तिथेच कसं आलं?”

“सही शेवटीच करतात,” काका म्हणाले.

“म्हणजे लिहिलंय ते बरोबर?”

काकांचे कान लाल झाले. मित्रांनो, तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. त्यांना वाटलं, सिनेमात आपले डोळे भरले हे फळ्यावरून उघडं पडलं, आणि आपल्या हातात भाजीची पिशवी असतानाच हा पोरगा त्याचा जाब विचारतोय. कारखान्यात चौतीस वर्षं ज्याने चेहरा हलू दिला नाही, तो माणूस ताठ झाला.

“तपासून लिहिलंय,” ते म्हणाले. “मी तपासलेला माल परत घेत नाही.” आणि गेले वर.

“बघितलंस?” उत्तम मितेशला म्हणाला. “टेंपोवाल्याला बोलले, घोड्यांना बोलले, मी हसलो. पण आईला?”

मितेशने माझ्याकडे बघितलं. “मी बोललेलो कमिटीत, सगळं ग्रुपवर टाकू. फळा आला की भांडण आलं.” त्याने मला खिळ्यावरून उतरवलं, अंगावरची ओळही न पुसता, आणि जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून उभं केलं. भिंतीबद्दलचं माझं मत तुम्हाला सांगतो. तीही बघवत नाही.

तिथे उभा राहून मी नुसतं ऐकत होतो. हौसाबाईंची चप्पल जिन्यावर वाजली नाही. शनिवारीही नाही. दूध संचिता न्यायला लागली. जिन्याच्या पायरीवर डॉक्टर दीप्तींनी तिला विचारलं, “आजी कुठे गं?”

“आजी घरातच बसते. अक्षदाताईचा फोन आलेला. नवीन सिनेमा आहे, त्यात आजीला मोठं काम आहे, बोलायचंपण आहे. ती उद्या अकराला येणारे, हो का नाही विचारायला. आजी ‘नाही’ बोलणारे.”

“का?”

“बोलते, माझा शेवट लोकांना बघवत न्हाई. मला गावाला सोडा.”

रविवारी सकाळी काका बाहेरून पेपर घेऊन आले. डॉक्टर दीप्तींनी त्यांना माझ्याजवळच गाठलं.

“काका, एक विचारू? आजींचं काम इतकं वाईट होतं?”

“कोण म्हणालं वाईट?”

“तुम्ही. बघवत नाही म्हणालात.”

“अहो, बघवत नाही म्हणजे बघवत नाही! बघता येत नाही! डोळे मिटतात माणसाचे!”

“मग तसं लिहायचं.”

“तसंच लिहिलंय!”

“काका,” दीप्ती म्हणाल्या, “तुम्ही आजवर एक कासव सोडून सगळ्यांना नापास केलंत. मग लोक तसंच वाचणार ना? अकरा वाजता अक्षदा येतेय. आजी तिला ‘नाही’ म्हणून सांगून गावाला निघाल्यात.”

काकांच्या हातातला पेपर खाली पडला. पुढच्या क्षणी मला भिंतीपासून ओढून काढलं गेलं. काकांनी शर्टाच्या बाहीने जुनी ओळ पुसली आणि भराभर लिहिलं, ‘रडू आले. तीनदा पाहिला. तीनदा रडलो.’ एकही जोडाक्षर नाही. घाईतही नाही. पण वाचणारी तिसऱ्या मजल्यावर होती आणि खाली यायची नव्हती. काकांनी एकदा जिन्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी पाच फूट लांब आणि अंगाने भक्कम. काकांचं वय एकाहत्तर, गुडघा त्याहून मोठा. त्यांनी मला कवेत घेतलं आणि चढायला सुरुवात केली.

पहिल्या मजल्यावर मितेश भेटला. “काका, काय करताय? सोडा, मी घेतो.”

“तू पस्तीस मार्कवाला. तुला कोपऱ्यावर वळवता येणार नाही.”

“काका, वळवायला भूमिती लागत नाही, ताकद लागते.” त्याने मला खालून धरलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी अडकलो, आणि भूमितीही लागली. मला तिरकं केलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. डोकं खाली असताना मला जग प्रथमच दिसलं. मत राखून ठेवतो.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. हौसाबाई दारात बसल्या होत्या, शेजारी कापडाची पिशवी बांधून ठेवलेली. उत्तम मागे उभा होता. काकांनी मला भिंतीला टेकवलं, दम घेतला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

“वाचा.”

हौसाबाईंनी बघितलं. “रडू... तीन... तीन... ह्यो काय, पाढा हाय?”

काकांनी वळून पाहिलं. वाटेत त्यांनी मला छातीशी धरलं होतं, आणि ओळीतली निम्मी अक्षरं आता त्यांच्या निळ्या शर्टावर होती, तीही उलटी. खडू खिशात होता, पण एवढं ओझं वाहून बोटं आखडली होती. लिहिता येणार नव्हतं. बोलावं लागणार होतं.

“हौसाबाई,” काका म्हणाले, आणि खोकले. “मी वाईट लिहिलं नव्हतं. मला तो शेवट बघवला नाही. पहिल्यांदा गुरुवारी गेलो, तुम्ही दोनदा हात हलवलात, तिसऱ्यांदा हलवलात, आणि मी डोळे मिटले. शुक्रवारी परत गेलो, म्हटलं, आज बघू. पुन्हा मिटले. काल गेलो. तेच. आमच्या चाळीच्या जिन्यात माझ्यासाठीही देवयानीची आई अशीच थांबायची, मी दुसऱ्या पाळीवरून सुटेपर्यंत. तिथे हलवायला दिवाही नव्हता.”

मितेश आपल्या हाताला लागलेली धूळ बघत होता.

हौसाबाईंनी डोळे बारीक केले. “म्हंजी, शेवट तुमी बघितलाच न्हाई?”

“नाही.”

“तीन येळा गेलात, तिकिटं काढलीत, आन् शेवट न बघता शेवटावर लिवलंत?”

काका इतकी वर्षं तपासनीस होते, त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी मान हलवली.

हौसाबाई हसू लागल्या. आधी पोटात, मग खांद्यात, मग मोठ्याने. “अवो भाऊ, दिवा लागतो.”

“तुम्ही हात हलवलात की लागतो. तेवढं बघितलंय मी.”

“न्हाई. चौथ्या येळंला मी हात उचलायच्या आदीच लागतो. खालनं कुणीतरी जिना चढून येतंय म्हनून. मग मी पदर सारका करते. झाला शिनेमा.”

काका पायरीवर खाली बसले. “लेक येतो?”

“कोन येतंय ते दाखवलं न्हाई. पन येतंय.”

“हे मला कुणी सांगितलं नाही,” काका म्हणाले.

“कसं सांगणार?” मितेश म्हणाला. “तुम्ही खुनी सांगून टाकता, काका. तुम्हाला शेवट सांगायला बिल्डिंगमध्ये सगळे घाबरतात.”

उत्तम हसला. हसता हसता त्याने आईची बांधलेली पिशवी पायाने हळूच आत सरकवली. काकांनी माझ्यावरची उरलेली अक्षरं पुसली, खडू काढला आणि या वेळी हात न थांबता लिहिलं, ‘शेवट बघवतो. आनंद.’

हौसाबाईंनी वाचलं. “आता नाव बरोबर जागी आलंय,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी हात पुढे केला. “द्या इकडं.”

त्यांनी आजवर माझ्यावर कधी लिहिलं नव्हतं. वाचायच्या, भांडायच्या, पण खडू धरला नव्हता. त्या उठल्या, पदर खोचला आणि काकांच्या ओळीखाली एकेक अक्षर ठेवू लागल्या. भाकरी तव्यावर टाकावी तसं, जपून. खडू करकरला. मला गुदगुल्या झाल्या, पण मी हललो नाही. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि अक्षदा धापा टाकत वर आली. ठरल्याप्रमाणे बरोबर अकरा वाजले होते.

“आजी, उशीर नाही ना झाला? काय ठरवलंत मग?”

हौसाबाईंनी शेवटच्या अक्षराला वेलांटी दिली, बाजूला झाल्या आणि खडू माझ्याकडे रोखला.

‘हरकत नाही.’

अक्षदाने ते आपलं उत्तर समजून उडीच मारली. काकांनी ती माफी समजून चष्मा पुसला. मितेशला वाटलं, फळा परत लावायला परवानगी मिळाली. तिघांचंही बरोबर होतं. दोन शब्दांत तीन कामं करणारी अक्षरं माझ्यावर देवराम सरांनीही कधी लिहिली नव्हती.

तर मित्रांनो, मी पुन्हा माझ्या खिळ्यावर आहे. काका चौथ्यांदा जाऊन आले, या वेळी शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून. हौसाबाई नव्या सिनेमाचे संवाद सकाळी माझ्यासमोर पाठ करतात, आणि एखादा शब्द पाठुंगळी बसलेला आला की काका तो माझ्यावर लिहून, सोडवून दाखवतात. मितेशची पाण्याची नोटीस आता वरच्या कडेला दाटीवाटीने येते, कारण खालच्या दोन ओळी पुसायला इमारतीने बंदी केली आहे.

तुमच्याकडे असा एखादा जुना फळा असेल तर एवढंच करा. पुसताना कोरडं फडकं घ्या, ओल्याने रंग जातो आणि नकाशा वाढतो. आणि कुणाचं काम मनाला लागलं, तर ते लागलं असं सरळ लिहा. ‘छान’ हा दोनच अक्षरांचा शब्द आहे. त्यात कुणी कुणाच्या पाठुंगळी बसत नाही, खडूही कमी लागतो. माझ्याबद्दल लिहायचं असलं तर उजवा कोपरा मी मोकळा ठेवला आहे. लाजू नका. ‘हरकत नाही’ तेवढं आधीच लिहिलेलं आहे, त्याच्या वरचं काहीतरी लिहा.